भरवशाचा मुलूख

नीती आयोगाने २०१८ साली देशातले मागास जिल्हे निवडले आणि त्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्या यादीत आले : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशीम. या वाशीमला पाचव्या शतकात वत्सगुल्म म्हणत आणि तिथे वाकाटकांची एक शाखा राज्य करत होती. अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. याच मुलखात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला. पुढे अचलपूरला इमादशाही आली, ती अहमदनगरने गिळली, अहमदनगरकडून वऱ्हाड १५९६ साली मोगलांकडे गेलं. मग निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांनी एकाच वेळी तिथून वसूल गोळा केला. एका मुलखावर इतक्या जणांची नजर इतकी शतकं राहिली, तो मुलूख मुळात दरिद्री असणं शक्य नाही. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण काही कोणी उपरोधाने रचलेली नाही.

एखाद्या प्रदेशाच्या गरिबीबद्दल बोलायचं झालं की आपल्याकडे दोन सवयी आहेत. पहिली निसर्गाकडे बोट दाखवायची : पाऊस लहरी, पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, आणि त्याला जोडून दबक्या आवाजात, ‘तिकडची माणसं जरा आरामशीरच.’ दुसरी सवय हिशेबाची. १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्याच्या असमतोलाचा आकडा काढला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास. त्या दिवसापासून विदर्भाचं राजकारण ‘अनुशेष’ या एका शब्दावर चालत आलं आहे. रस्ते कमी, सिंचन कमी, कृषिपंप कमी, म्हणजे दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष झालं हे खोटं नाही. पण दुर्लक्षाचं दारिद्र्य कसं असतं हे बघायचं तर गडचिरोलीला किंवा मेळघाटात जावं. तिथे सरकार उशिरा पोचलं, बाजार त्याहून उशिरा. अकोला, खामगाव, कारंजा, यवतमाळ यांची गोष्ट वेगळी आहे. हिंदुस्थानातल्या फार थोड्या भागांकडे इंग्रज सरकारने इतक्या लवकर आणि इतकं बारीक लक्ष दिलं असेल. माझं म्हणणं असं की वऱ्हाडचं दारिद्र्य या लक्षातून आलेलं आहे.

त्याची सुरुवात एका थकबाकीपासून होते. १८०३ साली आडगावला आणि गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. निजामाने हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज पोसायची, खर्च त्याचा आणि हुकूम रेसिडेंटचा, असा तो मामला होता. फौजेचे पगार थकत गेले, कर्ज चढत गेलं. हैदराबाद दरबार तोवर सावकारांच्या हाती गेला होता. वऱ्हाडचा वसूल कधी या पेढीला मक्त्याने, कधी त्या पेढीला. त्यातली पेस्तनजी नावाची पारशी पेढी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडातून मुंबईकडे कापसाचा पहिला मोठा माल याच पेढीने धाडला. बैलांच्या पाठीवर लादून, घाट उतरून. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि पिकावर हक्क सांगायचा, ही रीतही या पेढीने चांगली रुजवली. १८५३ साली डलहौसीने थकबाकीच्या बदल्यात वऱ्हाडच कारभारासाठी काढून घेतलं. १८६० च्या दुसऱ्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र गेलं नाही. निजामाचा दिवाण सालारजंग याने ते परत मिळावं म्हणून आयुष्यभर खटपट केली, पण व्यर्थ. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांच्या बोलीवर कायमचा पट्टा लिहून घेतला. कागदोपत्री मालक हैदराबादेत, कारभारी इंग्रज, आणि पुढच्याच वर्षी हा मुलूख मध्य प्रांताला जोडला गेल्यावर तिजोरी नागपुरात. एखाद्या गहाण टाकलेल्या शेतासारखा हा प्रांत जवळजवळ शंभर वर्षं राहिला. गहाणाच्या शेतात विहीर कोणी खणत नाही.

अर्थात रेल्वे बांधतात, कारण रेल्वेने माल बाहेर जातो. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ साली कापूस पुरवठ्यासाठी संघटना उभी केली, ती अमेरिकेच्या कापसावरचं अवलंबन त्यांना खुपत होतं म्हणून. चार वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली आणि त्यांची भीती खरी ठरली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव तेव्हा लिव्हरपूलमध्ये ठरू लागला. १८६७ साली रेल्वे भुसावळहून नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली जलंब ते खामगाव या जेमतेम आठ मैलांच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या बाजारात तारायंत्र होतं, लिव्हरपूलचे भाव तिथे येत आणि ज्वारीची भाकर बांधून बंडी हाकत आलेल्या कुणब्याच्या मालाची किंमत त्या तारेवर ठरे. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाची एक प्रत ‘उमरा’ नावानेच ओळखली जाई, उमरावतीवरून.

या साऱ्या व्यवस्थेचा एक अधिकृत रखवालदार होता, हॅरी रिव्हेट-कारनॅक, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. हा माणूस हुशार आणि स्पष्टवक्ता. त्याच्या १८६९ च्या सुमाराच्या लिखाणात एक हिशेब येतो, तो वाचताना आजही जरा थांबायला होतं. रेल्वेने स्वस्त विलायती कापड आत आलं की गावठी कापड मागे पडेल. मग इथला कापूस इथेच कातला जाणार नाही, तो निर्यातीला मोकळा होईल. आणि माग सोडलेले कोष्टी, चरखा सोडलेल्या बाया शेतात मजुरीला येतील, म्हणजे आणखी कापूस पिकेल. यात द्वेष कुठेही नाही. एखाद्या कारकुनाने खतावणी जुळवावी तशी त्याने ही मांडणी केली आहे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाची जी मीमांसा पुढे १९०१ च्या ग्रंथात बांधून काढली, तिला पुरावा म्हणून हा एक परिच्छेद पुरला असता. (दादाभाईंची स्वतःची कापसाची पेढी होती, हेही ध्यानात ठेवावं. त्यांना हा व्यवहार पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.)

यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडात रुपया खुळखुळला. दूरवरून माणसं पोट भरायला इकडे आली. १८६७ च्या गणतीत बावीस लाखांच्या घरात असलेली वस्ती १८९१ पर्यंत एकोणतीस लाखांच्या जवळ गेली. सरकारने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी केली, शेतकऱ्याच्या नावाने खातं पाडलं, नकाशे झाले, हद्दीचे दगड रोवले गेले. शेतकरी पहिल्यांदाच जमिनीचा नीट खातेदार झाला. खातेदार झाला म्हणजे जमीन विकू शकला, आणि विकू शकला म्हणजे गहाण टाकू शकला. पूर्वीच्या सावकाराला शेतकऱ्याचं पीक हवं असे, जमीन घेऊन तो काय करणार होता? आता जमीनच तारण झाली. चराईची रानं नांगराखाली आली, ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली. ज्वारीचं पीक आलं की दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. कापूस कोणाच्याच तोंडात जात नाही, तो विकूनच भाकर आणावी लागते. पेव आटलं आणि सावकाराची वही फुगली.

हे चित्र एका घरात बघायचं तर दापुऱ्याला जावं, मूर्तिजापूर तालुक्यात. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला डेबूजी बापाच्या मृत्यूनंतर आईबरोबर इथे मामाच्या घरी आला. मामाचं घर खातंपितं. डेबू गुरं राखायचा, पुढे शेत कसायला लागला. अंगमेहनतीत त्याला तोड नव्हती आणि पीकही उत्तम येत होतं. आळस, व्यसन, नापिकी, यातलं काही त्या शेतात नव्हतं. तरीही मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, कारण घरात कोणाला वाचता येत नव्हतं आणि कागदावर काय लिहिलंय ते सावकाराला माहीत होतं. डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले आणि जन्मभर कीर्तनातून सांगत राहिले : कर्ज काढू नका, सण-लग्न कर्ज काढून करू नका, पोरांना शिकवा, एक वेळ ताट मोडा पण शिकवा. आपण त्याला संतवाणी म्हणून हात जोडतो. मला त्यात १८५३ नंतरच्या वऱ्हाडाचं अर्थशास्त्रही ऐकू येतं, आणि तेही ज्याच्या डोळ्यांदेखत घरची जमीन गेली त्याच्या तोंडून.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. तोवर सरकारदरबारी वऱ्हाड हा पावसाचा भरवसा असलेला मुलूख मानला जाई. दुष्काळ पडायचा तो नगरला, सोलापूरला, विजापूरला, वऱ्हाडात नाही. भरवशाचा मुलूख असल्यामुळे तिथे दुष्काळ निवारणाची तयारी नव्हती आणि साठ्याला धान्यही फारसं उरलं नव्हतं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. एकोणतीस लाखांकडे गेलेला आकडा साडेसत्तावीस लाखांवर उतरला. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी या कापूस-दुष्काळाचा स्वतंत्र अभ्यास केला आहे, आणि त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की उपासमार चालू असताना वऱ्हाडातून रेल्वेने कापूसच काय, धान्यसुद्धा बाहेर जात होतं. बाजाराच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. धान्य जिथे पैसा आहे तिथे जातं, आणि वऱ्हाडातल्या भुकेल्याच्या हातात त्या वर्षी पैसा नव्हता. १८९७ च्या डिसेंबरात, दोन दुष्काळांच्या मधल्या सवडीत, राष्ट्रसभेचं (काँग्रेसचं) तेरावं अधिवेशन शंकरन नायरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला भरलं. यजमान दादासाहेब खापर्डे. वऱ्हाडची वकील मंडळी देशाच्या राजकारणात तेव्हा केवढी पुढे होती! शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न मात्र तिथे अवघड जागेचं दुखणं होता, कारण सावकार, वकील आणि देशमुख ही मंडळी एकमेकांच्या ओसरीवर बसणारी.

त्याच १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. त्याआधी १८८६ साली कारंजाला सरकारी नियमांखालचा बाजार सुरू झालेला होता. देशातला तो या प्रकारचा पहिला मानतात. म्हणजे आज ज्याला आपण कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतो तिचं मूळ वऱ्हाडात आहे. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण तो नियम कशासाठी केला होता तेही बघावं. भेसळ नसलेला, ओला न केलेला, एकसारख्या प्रतीचा कापूस विलायती गिरणीला मिळावा ही त्यामागची मुख्य कळकळ. समितीवर वजन व्यापाऱ्यांचं. अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा कपाती कागदावर आल्या, थांबल्या नाहीत. पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या मालकांनी आपसात ‘पूल’ केले. गावात पाच कारखाने असले तर दोन चालवायचे, तीन बंद ठेवायचे, बंद ठेवणाऱ्यालाही नफ्यातला वाटा द्यायचा आणि दर हवा तो लावायचा. बंद कारखान्यानेसुद्धा पैसे कमवावेत, ही करामत औद्योगिक इतिहासात जरा विरळाच.

वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या बाजारगावी अशा एखाद्या जिनच्या आवारात जाऊन बघावं. उंच विटांचं धुरांडं, त्यावर पिंपळ. पत्र्याची लांब छपरं. कोपऱ्यात ओतीव लोखंडाचा दाबयंत्राचा सांगाडा गंजत पडलेला, त्यावर इंग्रज कारखानदाराची पाटी अजून वाचता येते. सरकी काढायची, रुई दाबायची, गाठ बांधायची, एवढंच काम इथे होई, तेही दिवाळीपासून होळीपर्यंत. बाकीचे सात-आठ महिने सगळा गाव पुन्हा शेताकडे आणि सावकाराकडे. कातणं, विणणं, रंगवणं, शिवणं, जिथे कौशल्य वाढतं आणि पगार वाढतो, ते सारं दूर. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल काढली, पुढे बडनेरा, अकोला, अचलपूर, हिंगणघाट, पुलगाव अशा मोजक्या ठिकाणी गिरण्या झाल्या. पण जितका कापूस पिके त्याच्या मानाने त्या दर्यामें खसखस.

इथे पश्चिम महाराष्ट्राशी तुलना टाळता येत नाही, आणि ती नेहमी नेत्यांच्या कर्तबगारीवर येऊन थांबते. त्यांच्याकडे विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ होते, तुमच्याकडे कोण होतं? पंजाबराव देशमुख होते, देशाचे दहा वर्षं कृषिमंत्री होते, त्यांनी शिक्षणसंस्थांचं जाळं उभारलं. माणसांची वाण नव्हती. फरक पिकाच्या स्वभावात होता असं मला वाटतं. ऊस तोडला की एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. म्हणून कारखाना शेताजवळच हवा, आणि कारखाना जवळ असला की त्याच्यावर ताबा मिळवणंही शेतकऱ्यांच्या आवाक्यात येतं. कापूस मात्र वर्षभर थांबतो आणि सात समुद्र ओलांडतो. त्याला गावाजवळ कारखान्याची गरज नाही, फक्त गाठ बांधायची सोय लागते. त्यात दुसरी गोष्ट मिसळली. नगर-पुण्याचे तालुके दुष्काळी म्हणून बदनाम, तेव्हा १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने तिथे नीरेचे, पुढे प्रवरेचे कालवे काढले. भंडारदरा धरण १९२६ साली, भाटघर १९२८ साली पुरं झालं. त्या पाण्यावर ऊस आला आणि उसावर १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना. भरवशाच्या वऱ्हाडाला कालव्याची गरज काय? ज्यांना इंग्रजांनी दरिद्री ठरवलं त्यांना पाणी मिळालं, आणि ज्यांना संपन्न ठरवलं ते कोरडवाहू राहिले. आजही विदर्भातला बहुतेक कापूस आभाळाकडे तोंड करून उभा असतो.

इतिहासाचं हे लांब सावट मोजायचे प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनी केले आहेत. मेलिसा डेल यांनी पोटोसीच्या चांदीच्या खाणींसाठी १५७३ ते १८१२ या काळात पेरूमध्ये जिथून सक्तीचे मजूर नेले, ती गावं शोधली. त्या हद्दीच्या आतल्या कुटुंबांचा खर्च आजही बाहेरच्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी भरतो. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली दाखवलं की जिथे जमीनदारी होती ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीत मागे पडले आणि जिथे शेतकरी स्वतः खातेदार होता ते पुढे गेले. काम मोलाचं आहे. पण या हिशेबाने वऱ्हाड पुढे जायला हवं होतं. ते रयतवारी, रेल्वे लवकर आली, बाजार नियमबद्ध, जमीन देशातल्या उत्तम जमिनींपैकी. पुष्कळ जिल्ह्यांच्या सरासरीत जे खरं ठरतं ते एखाद्या मुलखात उलटं उतरू शकतं, कारण खातं कोणाच्या नावावर आहे एवढ्याने भागत नाही. त्या खात्यावर काय पेरायचं, कधी विकायचं आणि कोणत्या भावाने, हे कोण ठरवतं तेही बघावं लागतं. वऱ्हाडी शेतकऱ्याला सातबारा मिळाला, हा निर्णय मिळाला नाही. जोखीम सगळी त्याची, भाव दुसऱ्याचा.

१९४७ नंतर हे बदलायला हवं होतं. बदललं ते इतकंच की मँचेस्टरच्या जागी मुंबई आली. देशी गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून निर्यातीवर नियंत्रणं आली, साठच्या दशकापर्यंत कापसाला कमाल भावाची मर्यादा होती. शेतकरी नेते शरद जोशींनी विदर्भात कापूस आंदोलनं उभी केली तेव्हा शेतकऱ्याची गरिबी हे सरकारच्या भावधोरणाचं फळ आहे, असं ते ठासून सांगत. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण या एका बाबतीत वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूने उभा आहे. १९७२ साली राज्य सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. हेतू चांगला होता. सावकार-अडत्यांची साखळी तोडायची आणि हमीभाव द्यायचा. काही वर्षं तिने आधार दिलाही. मग केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि थकलेले चुकारे. पैसे वेळेवर मिळाले नाहीत की शेतकरी पुन्हा त्याच दारात, ज्या दारातून त्याला सोडवायचं होतं. २००२ साली बीटी बियाणं आलं. उत्पादन वाढलं, खर्चही वाढला, आणि पेरणीच्या वेळचा सावकार आता ‘कृषी सेवा केंद्र’ या पाटीखाली बसू लागला. बियाणं, खत, औषध उधारीवर, कापूस घरी आला की वसुली. पेस्तनजींच्या पेढीला ही रीत अनोळखी वाटली नसती. २०१७-१८ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने उभं पीक आतून पोखरलं, तेव्हा बियाण्यावरचा खर्च मात्र आधीच झालेला होता.

२००६ च्या जूनअखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला होता. त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा. ही यादी १८५३ च्या नकाशावर ठेवून बघावी. पहिले पाच म्हणजे जसंच्या तसं जुनं वऱ्हाड. सहावा वर्धा नदीच्या पलीकडचा, पण हिंगणघाट-पुलगावचा, म्हणजे कापसाचाच. विदर्भातला सर्वांत मागास गडचिरोली त्या यादीत नव्हता, कारण तिथली गरिबी वेगळ्या जातीची आहे. तिथे कर्ज देणारंच कोणी नव्हतं. ज्या पाच जिल्ह्यांना रेल्वे, तार, बाजार, खातं, पत, सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं, तिथला शेतकरी फास घेत होता. अनुशेषाच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही.

म्हणून दोष सगळा साहेबाच्या माथी मारून मोकळं व्हावं का? तेही सोपं होईल. गावचे देशमुख-पाटील, शहरातले जिनमालक आणि त्यांच्याच घरांतून निघालेले आमदार, यांना ही व्यवस्था मोडण्यात फारसा रस नव्हता, कारण कमी का होईना त्यांचा वाटा तीत होता. सरकारी भागभांडवलावर सहकारी सूतगिरण्या निघाल्या, पुष्कळशा चालण्याआधीच अवसायनात गेल्या. सालदाराच्या, वेचणीला येणाऱ्या बाईच्या मजुरीबद्दल तर कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारेही फार बोलले नाहीत. वरून शोषण झालं म्हणून खाली न्याय होता असं नाही.

अचलपूर ते यवतमाळ जाणारी शकुंतला ही छोटी गाडी याच गोष्टीचं एक शेपूट आहे. कापूस ओढून मुख्य मार्गावर मूर्तिजापूरला आणण्यासाठी इंग्रज कंपनीने तो मार्ग टाकला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. राष्ट्रीयीकरणातून हा मार्ग सुटला आणि स्वतंत्र भारताची रेल्वे त्याच्या वापराबद्दल खाजगी कंपनीला कित्येक दशकं मोबदला देत राहिली. आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेजच्या मागणीचे मोर्चे निघतात, आणि त्या मागणीत गैर काही नाही. रेल्वे हवीच. मात्र तिच्यातून काय जाणार आणि काय येणार याची चर्चा त्या मोर्च्यांत मी ऐकलेली नाही.

दरम्यान शेतकऱ्याने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कापसाच्या कितीतरी शेतांत सोयाबीन आलं. वेचणीचा खर्च नाही, तीन-साडेतीन महिन्यांत पैसा, मागून हरभरा. शहाणपणाचा निर्णय. पण सोयाबीनही चुलीवर शिजत नाही. तेही तेल गाळणाऱ्या कारखान्याला जातं आणि त्याचा भाव अर्जेंटिना-ब्राझीलच्या पिकाकडे आणि आयात तेलावरच्या शुल्काकडे बघून ठरतो. पीक बदललं, तारेची जागा मोबाइलने घेतली. भाव अजूनही आत येतो, बाहेर जात नाही.

अमरावतीजवळ नांदगाव पेठेला आता वस्त्रोद्योग आहे, आणि केंद्राच्या पीएम मित्र योजनेतल्या मोठ्या वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी २०२४ साली झाली. घोषणा पाच ‘एफ’ची आहे : फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. पहिला आणि शेवटचा ‘एफ’ खामगावने १८७० सालीच जोडून दाखवला होता. प्रश्न मधल्या तिघांचा आहे. तिथे सूत कोणत्या जिल्ह्याच्या कापसाचं निघेल, शिवणयंत्रावर बसलेल्या अकोल्याच्या मुलीला बारा महिने काम मिळेल की हंगामी, आणि कारखान्याच्या भागधारकांच्या यादीत एखाद्या गावच्या शेतकरी कंपनीचं नाव येईल की नाही, हे अजून कोणत्याही करारात लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. किती कोटींची गुंतवणूक येणार तेवढं मात्र प्रत्येक बातमीत असतं.